मानाचा पाळणा

ऑपरेटर आपल्या जागेवर नव्हता, असं तुम्ही पेपरवाल्यांना सांगितलंत, साहेब. बरोबर सांगितलंत. नव्हताच. त्याच्या जागेवर तुम्ही उभे होतात.

खुर्चीत बसून खोटं बोलायची तुमची सवय जुनी आहे, त्याचं कुणाला नवल नाही. पण जमिनीपासून तीन मजले वर, दोन्ही हातांनी कठडा धरून, डोळे गच्च मिटून तुम्ही जे देवाचं नाव घेत होतात, ते तरी खरं होतं ना? मग खाली आल्यावर चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ते कसं काय गिळलंत? तुमचं नाव इथं लिहीत नाही. गरजच नाही. लातुरात नांदेड रोडला काचांची नवी कचेरी उभी राहतेय, तिथल्या कुठल्याही बिगाऱ्याला विचारा, तो सांगेल. आता झालं कसं ते ऐका.

ऑपरेटरचं नाव बसवंत, गाव जळकोट. आधी तो फ्लेक्सचे बोर्ड टांगायचा, बांबूच्या शिडीवर, एका पायावर, देवाच्या भरवशावर. मग चाकणला एका कंपनीत लागला, तिथं बूम लिफ्ट चालवायला शिकला, रीतसर परीक्षा देऊन कार्ड घेऊन आला. बूम लिफ्ट म्हणजे चार चाकांची गाडी, तिच्यावर लांब होत जाणारा लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या टोकाला कठड्याचा पिंजरा. पिंजऱ्यात माणूस उभा राहतो आणि वरच्या वर काम करतो. साइटवर त्याला कुणी बूम म्हणत नाही. पाळणा म्हणतात, कारण वर गेलं की तो जरा झुलतो आणि पोटात गोळा येतो.

पाळण्यात बसवंतच्या जोडीला सुदर्शन, मुदखेडचा. काचा बसवायच्या कामात त्याचा हात धरणारा नाही आणि तोंड धरणारा तर त्याहून नाही. दोघांची एक रीत होती. वर जायच्या आधी बसवंत सुदर्शनच्या बेल्टचा हूक ओढून बघायचा आणि सुदर्शन बसवंतचा. स्वतःचा स्वतः बघायचा नाही.

"अण्णा, एवढी काळजी माझी बायको करंना," सुदर्शन म्हणायचा.

"तिला दुसरा भेटंल. मला असला फिटर कुठं भेटायलाय?"

त्या यंत्राचा एक स्वभाव होता. पाळणा दोन माणसांचा आणि त्यांच्या हत्यारांचा. त्याच्या वर वजन गेलं की भोंगा वाजायचा आणि सगळं जागच्या जागी बंद. कितीही बटणं दाबा, हलणार नाही. एकदा सुदर्शननं घाईत एक काच जास्त चढवली तर ते असं केकाटलं की समोरच्या टपरीवरचं कुत्रं पळालं. "लई तत्त्वाचं मशीन हाय," सुदर्शन म्हणाला. "निवडणुकीला उभं केलं तर डिपॉझिट जाईल."

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग सुरक्षा सप्ताह आला.

कचेरीचा ठेका गुरुपादप्पांचा. उदगीरचे, घरात डाळीचा पिढीजात व्यापार, त्यातून बांधकामात आलेले. कपाळाला विभूती, बोलणं गोड, आणि कार्यक्रमाची भारी हौस. साइटवर सगळे त्यांना अप्पा म्हणतात. साइटचा कारभार त्यांचा मेहुणा शिवशंकर बघतो, म्हणजे मोबाइल बघतो आणि मधून मधून साइट बघतो. शिवाय एक सेफ्टी ऑफिसर आहे, ऋतुजा. नांदेडची, डिप्लोमा केलेली. सेफ्टी ऑफिसर ठेवा असं कागद सांगतो म्हणून ठेवलेली. पोरगी मन लावून काम करायची, रोज सकाळी सगळ्यांना उभं करून हेल्मेट, बेल्ट, हूक समजावून सांगायची. अप्पांना तिचं बोलणं फार आवडलं. काय बोलते ते नव्हे, आवाज. "मॅडम, तुमचा आवाज रेडिओसारखा हाय," असं म्हणून त्यांनी तिला उद्घाटनाचं सूत्रसंचालन देऊन टाकलं. सुरक्षा सप्ताहात सेफ्टी ऑफिसरच्या हातात माइक गेला आणि सुरक्षा मोकळी झाली.

कार्यक्रमाची कल्पना शिवशंकरची. जेसीबीतून फुलं उधळणं आता कुणीही करतं, साध्या सोसायटीच्या चेअरमनवर पण उधळतात. आपण पुढची पायरी गाठू. चौथ्या मजल्यावर 'सुरक्षा प्रथम' असा भला मोठा फ्लेक्स गुंडाळून ठेवायचा. प्रमुख पाहुणे पाळण्यातून वर जातील, दोरी ओढतील, फ्लेक्स सर्रकन उलगडंल, खाली ताशा वाजंल. प्रमुख पाहुणे म्हणजे तुम्ही, साहेब. सुरक्षेची पाहणी करायचं काम सरकारनं तुमच्याकडं दिलंय, म्हणून.

आदल्या दिवशी अप्पांनी यंत्र कुठं उभं करायचं ते दाखवलं. बसवंत बघतच राहिला.

"अप्पा, हितं पाइपाचा चर बुजवलाय. खाली काळी माती, वरून निस्ता मुरूम. चाक बसंल."

"एनप्पा, काय रे बसवंता, मशीनचं तोंड पूर्वेला नको का? पश्चिमेला तोंड करून शुभकार्य करतंय का कोणी?"

"मग लोखंडी प्लेटा टाकू चाकाखाली."

"प्लेटांवर मॅटिंग नीट बसत न्हाई," शिवशंकर मधेच बोलला. "उंचवटा दिसतो. फोटोत कसं वाटंल?"

म्हणून बुजवलेल्या चरावर हिरवी मॅटिंग अंथरली गेली. वरून इतकी झकास दिसत होती की खाली पोकळ आहे हे मातीलासुद्धा आठवलं नसतं. यंत्राला झेंडूच्या माळा घातल्या, दांड्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, चाकापुढं नारळ फोडला. देवाचं सगळं यथासांग झालं. चाकाखाली तेवढी प्लेट राहिली.

सकाळी तुम्ही आलात, ठरल्या वेळेपेक्षा तुमच्या पदाला शोभेल इतक्या उशिरा. तुमच्याबरोबर बांधकामाचे इंजिनिअर साहेब होते आणि वॉर्डाचे दादा होते, त्यांना बोलावलं नव्हतं पण टाळताही येत नव्हतं. आधी सगळ्यांना फेटे बांधले, मग शाल, मग नारळ. आणि मग ऋतुजा एका ताटात हेल्मेटं आणि हातावर बेल्ट घेऊन पुढं आली.

फेट्यावर हेल्मेट बसत नाही, साहेब. हा शोध आपल्याकडं कुणाला आधी लागलाच नव्हता. तुम्ही एक घालून बघितलंत, तर ते फेट्याच्या टोकावर टमरेलासारखं डुगडुगलं.

"सर, फेटा जरा वेळ काढून ठेवला तर..." ऋतुजा म्हणाली.

 बांधलेला फेटा उतरवायचा? मानाचा? अप्पांनी जीभ चावली. शेवटी तुम्हीच तोडगा काढलात, तुमच्या हुशारीला तोड नाही. हेल्मेट काखेत धरलंत, नवरदेव नारळ धरतो तसं, आणि फोटो काढून घेतलात. बेल्टाला तर हातच लावला नाहीत. पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडते. दादा म्हणाले, "बैलाला जुपल्यावानी दिसतंय ते." सगळे हसले. ऋतुजाही हसली, नोकरीतलं हसू.

बसवंत पाळण्यात उभाच होता, बेल्ट लावून, हूक अडकवून. आधी तुम्ही चढलात. मग इंजिनिअर साहेब. मग दादा. मग अप्पा, धोतर सावरत. पाचवा बसवंत. आणि भोंगा वाजला.

काय वाजला, साहेब! ताशेवाल्यांचे हात थांबले.

"हे काय वरडायलंय?" दादांनी विचारलं.

"वजन जास्त झालंय दादा," बसवंत म्हणाला. "पाळणा दोघांचा हाय. मी आणि अजून एक जण ऱ्हायला की लगीच चालू होतंय. बाकीच्यांनी उतरावं लागंल."

बाकीच्यांनी. आपल्या मुलखात लग्नात आहेर आधी कुणाला केला यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद आहे. गावजेवणात पान उशिरा वाढलं म्हणून पंगतीवरून उठून गेलेली माणसं आहेत. तिथं भर मंडपात, ताशा थांबलेला, कॅमेरा रोखलेला, अशा वेळी पाळण्यातून उतरणार कोण? इंजिनिअर साहेब उतरले तर उद्या खात्यात चर्चा. दादा उतरले तर वॉर्डात चर्चा. अप्पा उतरले तर मंडप कुणाचा? आणि तुम्ही तर प्रमुख पाहुणे. चौघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. चौघांनी एकाच माणसाकडं बघितलं.

"बसवंता," अप्पा गोड आवाजात म्हणाले, "तू उतर की बाळा."

"मी? अप्पा, मग चालवणार कोण?"

"शिवशंकर खालून चालवंल. खाली पण बटणं हायेत की."

"खालची बटणं अडीअडचणीला आसतेत. वर मालूम असणारा माणूस पाहिजे."

तेव्हा तुम्ही बोललात, साहेब. पेपरमध्ये आलं नाही ते वाक्य, म्हणून इथं लिहून ठेवतो. तुम्ही म्हणालात, "अरे, आम्ही काय अडाणी आहोत का? उतर. वेळ नको घालवू."

माइकवरून ऋतुजाचा आवाज आला, "मान्यवरांना विनंती आहे की पाळण्यामध्ये एका वेळी फक्त दोन व्यक्ती आणि दोघांनीही बेल्ट..." पुढचं ऐकू आलं नाही. शिवशंकरनं माइक तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "मॅडम, टाळ्या घ्या."

बसवंतनं हूक काढला आणि उतरला.

का उतरला, असं तुमच्या चौकशीत विचारलंत म्हणे. सांगतो. मंडपभर डोळे त्याच्यावर होते, अप्पांचा पगार होता आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात 'नाही' नव्हतं. पण यंत्राच्या तोंडात होतं. तो एकटा उतरून वजन बसणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. वर चार माणसं, त्यात दादा म्हणजे दीड. भोंगा काही बंद होणार नाही, यंत्र काही हलणार नाही, दोघांना झक मारत उतरावं लागेल, आणि आपल्यावर काही येणार नाही. जे बोलायची आपली छाती नाही ते यंत्र बोलेल, असा त्याचा हिशेब. माणूस गरीब असला की असा दुसऱ्याच्या तोंडानं बोलायला शिकतो.

आणि झालंही तसंच. तो उतरला तरी भोंगा चालूच. बसवंतला आतून बरं वाटलं. वरड बाबा, तू वरड.

मग शिवशंकर पक्कड घेऊन पाळण्याखाली वाकला.

"शिवशंकर, काय करायलास?"

"वजनाच्या सेन्सरची पिन काढायलोय. तारेचा तुकडा खुपसला की गप बसतंय. यूट्यूबला हाय सगळं."

"नको काढू. हात जोडतो तुला. ते गप बसलं तर कळायचं कसं?"

"पाच मिन्टाचा कार्यक्रम हाय अण्णा. मग जोडतो. शुभ कामात भोंगा चांगला न्हाई, लोक काय म्हणतील?"

भोंगा बंद झाला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, साहेब. एका यंत्रानं खरं बोलायचं थांबवलं म्हणून टाळ्या. तुम्हीही वाजवल्यात, काखेतलं हेल्मेट सांभाळत.

ताशा सुरू झाला. शिवशंकरनं खालून बटण दाबलं आणि चार फेटे आभाळाकडं निघाले. एक मजला, दुसरा मजला. तुम्ही हात हलवत होतात. तिसऱ्या मजल्याजवळ दांडा फ्लेक्सच्या बाजूला वळवावा लागतो. वळवला की सगळा भार त्या बाजूच्या चाकावर येतो. ते चाक चरावर होतं.

मॅटिंगवर आधी नुसती सुरकुती पडली. मग चाक वीतभर खाली गेलं. खाली वीतभर, पण दांड्याच्या टोकाला तीच वीत पुरुषभर होते. पाळणा एका अंगाला असा झुकला की अप्पांचा नारळ सुटला आणि मंडपाच्या पत्र्यावर फुटला. तुमच्या हाताशी फ्लेक्सची दोरी लोंबत होती. माणूस पडताना मिळेल ते धरतो; तुम्ही ती धरली. फ्लेक्स सर्रकन उलगडला आणि तुम्हा चौघांच्या अंगावर आला. खालच्या लोकांना वर माणसं दिसेनात. दिसत होतं ते एवढंच, 'सुरक्षा प्रथम', आणि त्याच्या आतून दादांची बोंब.

शिवशंकरनं काय केलं? हात उचलला आणि मागं पळाला. ऋतुजा खुर्च्या ढकलत आली आणि खालच्या पॅनलचं लाल बटण तिनं आधी मारलं. दांडा जागच्या जागी थांबला. ते बटण तिनं मारलं नसतं तर वळणाच्या वेगात सुटलेला दांडा अजून बाहेर गेला असता.

"बसवंतभाऊ, आता काय?"

"आधी दांडा आत घ्यायचा. खाली न्हाई घ्यायचा, आत. वजन गाडीच्या जवळ आलं की मग खाली." बसवंतनं लाल बटण फिरवून मोकळं केलं. "तुम्ही वर बगा. पाळणा अजून कलला तर हाळी द्या."

ती मान वर करून बघत राहिली आणि तो बोटाबोटानं दांडा आत ओढत राहिला. वर तुम्ही देवाचं नाव घेत होतात.  यंत्राच्या खालून बाजूला व्हा, असं ऋतुजा ओरडत होती तर निम्मे लोक मोबाइल धरून उलट जवळ येत होते.

उतरलात तुम्ही. चौघेही. इंजिनिअर साहेबांचं मनगट मुरगळलं, बाकी फेट्यांवर निभावलं. बसवंतनं पाळण्याचं दार उघडलं आणि तुम्हाला हात दिला. तो तुम्ही धरलात, चांगला घट्ट. आणि जमिनीवर दोन्ही पाय टेकल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय होतं? "ह्या मशीनचा ऑपरेटर कोण आहे? त्याला आधी हाकला."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. अनपेक्षित तांत्रिक बिघाड. ऑपरेटर जागेवर नव्हता. साहेबांनी प्रसंगावधान राखलं. शेजारी फोटो, हेल्मेट काखेत.

बसवंत घरी बसला. ऋतुजाला सप्ताहाच्या समारोपात प्रमाणपत्र मिळालं, उत्कृष्ट सूत्रसंचालनाचं. तिनं अप्पांना तीनदा विचारलं, पिनेचं काय, तारेचा तुकडा काढला का? तिसऱ्या वेळी शिवशंकर म्हणाला, "मॅडम, सप्ताह संपला की आता." यंत्राला हात लावायला गेली तर तिची बदली औशाच्या गोडाऊनवर झाली. तिथं उंच असं काही नाहीच, पत्र्याचं शेड आहे.

बसवंतच्या जागेवर नवा माणूस आला. साखर कारखान्यावर ऊस उतरवायची क्रेन चालवलेला. क्रेन आणि हे एकच, शिवशंकरच्या मते. दोन्ही वर जातात.

बसवंत नांदेड रोडला गेला. गेटवर वॉचमन मलप्पा हात जोडून म्हणाला, "शरणार्थ अण्णा. माझ्या नोकरीवर नको येऊ, बाबा." मग तो समोरच्या टपरीवर उभा राहिला. पाळणा चौथ्या मजल्याला होता. त्यात नवा ऑपरेटर, सुदर्शन, आणखी एक पोऱ्या आणि काचा. काचा किती ते खालून दिसत नव्हतं, पण उन्हातली चमक बघून बसवंतनं ओळखलं, जास्त आहेत. त्यानं फोन लावला.

"सुदर्शन, भोंगा वाजला का रे त्या कार्यक्रमापासून?"

"न्हाई अण्णा! लई सुधारलं मशीन. तुम्ही होते तवा निस्ती कटकट करायचं. आता कितीबी चढवा, सरळ वर जाऊन राहिलं. अप्पा म्हणून राहिले की पुण्याचा माणूस येऊन दुरुस्त करून गेला."

"कोणी न्हाई आला. ते दुरुस्त न्हाई, मुकं केलंय. तारेचा तुकडा खुपसलाय त्यात. तुझा हूक कुणी बगितला?"

 फोनमधून वारा येत होता.

"अण्णा," सुदर्शन म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, "मी वर हाय ना आत्ता."

"हालू नको. काच भिंतीला टेकव. नव्याला म्हण, पोट दुखून राहिलं, खाली घे. सावकाश घे म्हण. आधी आत."

तो उतरला. उतरून शिवशंकरकडं गेला. शिवशंकर म्हणाला, तार कवाच काढली. बसवंत म्हणतो, काढली नाही. सेन्सरचं झाकण उघडून दाखवा म्हटलं तर शिवशंकर म्हणाला, यंत्र भाड्याचं आहे, खोलायची परवानगी नाही. खुपसायला परवानगी लागली नव्हती. अप्पांना विचारलं तर अप्पा म्हणाले, तपासणीचा अधिकार साहेबांचा, साहेबांनी कागदावर सही केली आहे, यंत्र ठीक आहे.

म्हणजे गाडी तुमच्या दारात आली, साहेब. बसवंत तीन वेळा तुमच्या कचेरीत येऊन गेला. तुमचा शिपाई म्हणतो, मीटिंग आहे. मीटिंग कसली, तर उंचावरील कामातील सुरक्षा. चौथ्यांदा तो आज आलाय. सकाळपासून तुमच्या जिन्यात उभा आहे, हातात ते चाकणचं कार्ड धरून. त्याला नोकरी परत नको, पेपरात माफी नको, तुमचं प्रसंगावधान तुमच्यापाशी राहू द्या. त्याला एकच गोष्ट पाहिजे. आणि तिकडं साइटवर सुदर्शन पाळण्याच्या दाराशी उभा आहे, आत पाय घालत नाही. शिवशंकर शिव्या देतोय, मागं दुसरा फिटर बेल्ट बांधतोय, त्याच्या घरी चूल त्याच्याच हातावर आहे, तो नाही म्हणणार नाही. सुदर्शननं कानाला फोन लावून ठेवलाय. बसवंतच्या तोंडून फक्त एक शब्द ऐकायचाय त्याला.

तर दार उघडा, साहेब, आणि सांगा. पाहणी केली असं लिहून सही केलीत, तेव्हा ते झाकण उघडून बघितलं होतंत का? आत पिनच आहे का? हो किंवा नाही, जवाब द्या.